सेहेचाळीस फळ्यांवरची सही

अन्सार मिस्त्री पहिल्यांदा घरी आला तेव्हा त्याने स्वयंपाकघराचं माप घेण्याआधी माझं घेतलं. म्हणाला, "बाई, चपाती लाटताना राहता तशा उभ्या राहा." मी उभी राहिले. त्याने जमिनीपासून माझ्या कोपरापर्यंत टेप धरली, मग हात वर करायला लावला आणि बोटांची टोकं कुठवर जातात ते पाहिलं. कानामागची पेन्सिल काढून वहीत आकडे लिहिले. मला तेव्हाच वाटलं, हा माणूस फार गोड आहे, याच्यावर नजर ठेवायला हवी.

माझा स्वभाव संशयी आहे, हे मी लपवत नाही. पस्तीस वर्षं शाळेत शिकवलं, त्यातली अठ्ठावीस वर्षं दहावीच्या परीक्षेला पर्यवेक्षक होते. मोज्यात चिठ्ठी, कंपासपेटीच्या झाकणात चिठ्ठी, पट्टीच्या मागे सूत्रं, सगळं पाहून झालंय. सज्जन दिसणारं पोरगं आधी तपासायचं, हा माझा नियम. निवृत्त झाले तरी नजर निवृत्त होत नाही. दूधवाला, गॅसवाला, माझा स्वतःचा मुलगा शिवम, सगळे माझ्या वर्गात बसलेलेच असतात.

त्यात मागच्या वर्षी आमचं तोंड चांगलंच पोळलं होतं. शिवमने हौसेने स्वयंपाकघरात नवी चकचकीत कपाटं बसवून घेतली. बसवणाऱ्याने कागद दाखवला, वास येणार नाही, त्रास होणार नाही, लिहून दिलंय. तिसऱ्या आठवड्यात माझी नात प्रेरणा श्वासाला महाग झाली. सात वर्षांची पोर, छाती भात्यासारखी वरखाली. डॉक्टरांनी पहिलाच प्रश्न विचारला, घरात नवीन काय आणलंत? प्लायवूडच्या थरांमधला डिंक महिनोन् महिने हवेत वायू सोडत राहतो, आणि नाजूक छातीला तो सोसत नाही, असं त्यांनी समजावून सांगितलं.

कपाटं उखडून टाकली. सून सोनिया प्रेरणाला घेऊन करमाडला तिच्या माहेरी गेली. घर पुन्हा नीट लागेपर्यंत पोरीला इथं आणायचं नाही, असं ठरलं. भांडी खोक्यांत, डबे जमिनीवर, आणि संध्याकाळी सात वाजता फोनवर एकच प्रश्न, "आजी, मी कधी येऊ?" म्हणून सिडकोतल्या आमच्या घरात आता जो कोणी कपाट करणार होता, त्याने फसवलं तर किंमत प्रेरणाच्या श्वासाने मोजावी लागणार होती. माझ्या संशयाला कोणी नावं ठेवली तर त्याने आधी हे ध्यानात घ्यावं.

अन्सार प्लाय वापरत नाही, असं कळल्यावरून आम्ही त्याला बोलावलं. चेलीपुऱ्यात त्याचं दुकान. वीस वर्षं प्लायचेच पलंग आणि कपाटं केली, असं तो स्वतःच सांगे. दुकानाच्या वरच्या खोलीत त्याची बायको अजरा शिवणकाम करायची. खाली करवत चालली की वर तिचे डोळे चुरचुरायचे, खोकला उठायचा. "मी म्हणायचो मिरची कांडली आसंल कुणी शेजारी. आठ वर्षं मिरचीवर ढकललं, बाई." शेवटी एकदा ती महिनाभर माहेरी गेली, खोकला थांबला. परत आली, तिसऱ्या दिवशी सुरू झाला. तेव्हापासून त्याने प्लायला हात लावलेला नाही.

गोष्ट चांगली होती. इतकी चांगली की प्रत्येक गिऱ्हाइकाला तो हीच सांगत असणार, असं माझ्या मनात आलं.

तो कपाटं कशाची करणार, हे ऐकून तर मनात शंकेची पाल चुकचुकलीच. म्हणे, खोक्यांची. शेंद्र्याच्या आणि बिडकीनच्या कारखान्यांत बाहेरदेशातून यंत्रं येतात ती पाइनच्या लाकडी खोक्यांत. यंत्र बाहेर निघालं की खोकं भंगारात किंवा चुलीत. अन्सार ती खोकी आणतो, फोडतो, रंधतो आणि त्यांची कपाटं करतो. नवं झाड तोडायला नको. जोड खुंट्यांचे, डिंक नाही. वरून रंगाऐवजी जवसाचं तेल आणि मेण.

"जवसाचं तेल?" मी म्हणाले. "म्हणजे चटणी होते ते जवस?"

"हौ बाई. चटणीचंच समजा. आठ दिवस वास येईल, मग तो पण जाईल."

त्याने आमच्या अंगणात चार खोकी उतरवली आणि त्यांच्यावरचा डाग दिल्यासारखा शिक्का दाखवला. एचटी लिहिलेलं असेल तर लाकूड भट्टीत तापवून किडी मारलेल्या असतात. एमबी लिहिलेलं असेल तर विषारी वायू देऊन मारलेल्या. "एमबी मी घरात नाय नेत. कुणाच्याच." चारही खोक्यांवर एचटी होतं. ती त्याने माझ्यासमोर फोडली, खिळे उपसले आणि सेहेचाळीस फळ्या आमच्या रिकाम्या स्वयंपाकघरात भिंतीला टेकवून उभ्या केल्या.

"आता पंधरा दिवस हात नाय लावायचा. लाकडाला तुमच्या घरची हवा लागू द्या. उद्या कपाट झाल्यावर फुगायचं, आकसायचं आसंल तर आत्ताच करून घेईल."

एक फळीचा तुकडाही त्याने मला दिला. स्टीलच्या डब्यात ठेवा, झाकण घट्ट लावा, दोन दिवसांनी उघडून हुंगा. डिंक, दवा, काहीही असलं तर डबा बोलेल. मी दोन दिवस नाही, पंधराही दिवस हुंगलं. डबा काही बोलला नाही. पण माझ्या डोक्यात दुसराच विचार घोळत होता. तुकडा चांगला, फळ्याही चांगल्या. पण फळ्या चेलीपुऱ्याला जाणार. रंधा फिरला की शिक्का गेला. मग तिथून परत येणारं लाकूड हेच, हे कशावरून?

आमच्या परीक्षेत पुरवणी देताना पर्यवेक्षक तिच्यावर सही करतो आणि क्रमांक टाकतो. बाहेरून लिहून आणलेला कागद आत घुसवता येऊ नये म्हणून. मी प्रेरणाच्या टेबलावरचा लाल मार्कर घेतला आणि प्रत्येक फळीच्या कापलेल्या तोंडावर सही केली. खाली क्रमांक. एक ते सेहेचाळीस. कंबर मोडली, पण त्या दिवशी जेवण गोड लागलं.

सोळाव्या दिवशी अन्सार फळ्या न्यायला आला. त्याने एक फळी उचलली, तोंडावरची सही पाहिली, दुसरी उचलली, तीही पाहिली. माझ्याकडे बघितलं. मी बघत राहिले. काही न बोलता त्याने सगळ्या टेंपोत भरल्या. निर्दोष माणूस विचारतो, हे काय म्हणून. हा विचारत नाही म्हणजे कुठंतरी पाणी मुरतंय, असं मी धरून चालले.

महिन्याभराने मी भरारी पथकासारखी न सांगता चेलीपुऱ्यात गेले. अन्सार दुकानात नव्हता, बिडकीनला गेला होता. दार उघडं होतं. समोरच्याच भिंतीवर एक फळी टांगलेली. तिच्यावर शिक्का, आणि शिक्क्यात एमबी. खाली खडूने उर्दूत काहीतरी खरडलेलं, कुणाचं गिऱ्हाईक, कुठं पाठवायचं, असलंच काही असणार. आत जाऊन बघावं एवढंही सुचलं नाही. रिक्षात बसून सोनियाला फोन लावला.

"कपाटं बसली की पुढच्या रविवारी प्रेरणाला आणायचं ठरलंय ना? आणू नकोस."

"आई, तिनं दप्तर भरून ठेवलंय." मग सोनिया म्हणाली, "तो माणूस फसवतोय हे तुम्ही डोळ्यांनी पाह्यलं, का तुम्हाला तसं वाटतंय? तुम्हाला लई वाटत असतं."

मी म्हणाले, डोळ्यांनी पाहिलं. पलीकडून प्रेरणाचा आवाज आला, आजीला विचार ना, सोमवारी येऊ का. मी फोन ठेवून दिला. तसं वागायला नको होतं.

सोमवारी अन्सार कपाटं घेऊन आला. त्याच वेळी शेजारची राजनंदिनी बघायला आली होती. तिलाही तसलंच स्वयंपाकघर करून घ्यायचं होतं. आधी तिनेच मला विचारलं होतं, आपल्यातला सुतार मिळाला नाही का? तेव्हा मी तिला फटकारलं होतं, की माझा संशय जात-धर्म बघत नाही, तो सगळ्यांना सारखा मिळतो.

कपाटं उभी राहिली. खरं सांगायचं तर देखणी होती. पायांवर उभी, खालून पाणी मारून फरशी धुता येईल अशी. दारांना आडव्या पट्ट्या, आत हवा खेळावी म्हणून. खाली अंधारी फडताळं नाहीत, सगळे ओढायचे खण, म्हणजे मला वाकून आत डोकं घालायला नको. ज्वारीसाठी वेगळा खोल खण. वरचा कप्पा बरोबर माझी बोटं पोचतील तिथं. फक्त कपाट भिंतीपासून चार बोटं पुढं होतं, आणि मला वाटलं, माप चुकलं ते झाकतोय.

मी प्रत्येक फळी तपासली. गुळगुळीत. शिक्का नाही, सही नाही.

"माझ्या सह्या कुठं आहेत?" मी विचारलं. "आणि दुकानात एमबीची फळी कशाला टांगलीय? राजनंदिनी, या माणसाने फळ्या बदलल्यात. तू आपली दुसरा बघ."

राजनंदिनी दोघांकडे बघून निघून गेली. अन्सारने हातोडी खाली ठेवली. चिडला नाही. चिडला असता तर मला बरं वाटलं असतं.

"ती फळी नमुना हाय, बाई. गिऱ्हाइकाला फरक दाखवायला. खाली मी लिहिलंय, हे घरात न्यायचं नाय. उर्दूत लिहिलंय, तुम्हाला वाचता आलं नसंल." मग म्हणाला, "मोबाईलची बत्ती लावा. कपाटाच्या मागं बघा."

मी भिंतीला गाल चिकटवून त्या चार बोटांच्या फटीत उजेड टाकला. कपाटाच्या मागच्या बाजूला प्रत्येक फळीचं तोंड तसंच न रंधलेलं, आणि त्यावर माझी लाल सही. सात. अकरा. तेवीस. अन्सारने एकेक खण पूर्ण बाहेर ओढून जमिनीवर पालथा घातला. त्यांच्याही मागच्या टोकांना माझ्या सह्या. एकोणतीस मागे होत्या, सतरा खणांना. एकही क्रमांक गळालेला नव्हता.

"फट हवेसाठी ठेवतोच मी, भिंतीची ओल लागत नाय. पण एरवी दोन बोटं ठेवतो. तुम्हाला बघता यावं म्हणून चार केली." तो खण परत बसवत होता. "सही कापून टाकायची नसते, बाई."

मला लाज वाटली. दुसरा शब्द नाही. मी माफी मागितली, तर तो म्हणाला, नात कधी येणार ते सांगा, तोवर तेल वाळलं पाहिजे. राजनंदिनीकडे दोन दिवसांनी मी स्वतः गेले आणि सगळं सांगितलं. तिने ऐकून घेतलं, पण काम दुसऱ्याला देऊन टाकलेलं होतं. तेवढं माझ्या हातून झालं ते झालं.

प्रेरणा दहा दिवसांनी आली. पहिली रात्र मी तिच्या छातीवर हात ठेवून जागी होते. दुसऱ्या रात्री झोपले. महिना झाला, दीड महिना झाला, तिचा श्वासाचा पंप कपाटावरच पडून राहिला. पोर ज्वारीच्या खणाशी बसून अभ्यास करते, आणि कुणी आलं की खण ओढून दाखवते, इथं माझ्या आजीची सही आहे.

पावसाळ्यात खण फुगलेत का ते बघायला अन्सार न बोलावता आला. एक थोडा घट्ट चालत होता, त्याने रंध्याचा एक हात मारला. प्रेरणाने त्यालाही सही दाखवली. मी चहा केला. बरेच दिवस मनात होतं ते विचारलं.

"अन्सारभाई, सही कापायची नसते, हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

"सांगायला कशाला पायजे. परीक्षेला बसलेलो हाय ना मी." त्याने बशीत चहा ओतला. "दहावीला. भूमितीच्या पेपरला मला उठवलं. बाकाखाली चिठ्ठी सापडली. माझी नव्हती ती, पण बाक माझा होता. बाईंनी ऐकलं नाय. माझ्या पुरवणीवरची त्यांची सही त्यांनीच खोडली. मग मी मामूच्या दुकानात रंधा धरला. भूमिती येत होती मला, बाई. अजून येती."

असं म्हणून तो हसला, कपाटाच्या काटकोनाकडे हनुवटीने दाखवलं आणि बशी तोंडाला लावली.

केंद्र कोणतं आणि साल कोणतं, हे दोन प्रश्न माझ्या जिभेच्या टोकावर आले. पस्तीस वर्षं मी कुणाला काही विचारायचं सोडलं नव्हतं. मी त्याला आणखी चहा हवा का, एवढंच विचारलं.