मापाचे बूट

वयाच्या एकेचाळिसाव्या वर्षी मी स्नोबोर्ड, म्हणजे फळीवर उभं राहून बर्फावरून घसरायला, शिकायला निघाले, तेव्हा भिसेगावातल्या शेजारणींनी ‘पडलीस तर उचलायला कोण?’ एवढंच विचारलं. पडायची मला भीती नव्हती. भीती होती बुटांची. शिकवणाऱ्या बाईंनी फोनवर बजावलं होतं, ‘फळी, हेल्मेट, जाड कपडे सगळं इथे भाड्याने मिळेल. बूट मात्र स्वतःचे आणा, आणि अगदी मापाचे. आत टाच उचलली तर फळी वळायची नाही.’

आता मापाचे बूट ही गोष्ट आमच्या घरात कधी घडलेलीच नाही. बाबांनी आम्हा भावंडांना प्रत्येक बूट एक नंबर मोठा घेतला. पुढे कापूस कोंबायचा आणि पाय वाढेल तसा काढत जायचा. पाय बुटाएवढा होईपर्यंत बुटाचा तळ गेलेला असे. शाळेत धावण्याच्या शर्यतीत मी पहिली आले, पण एक बूट सुरुवातीच्या रेषेवरच राहिला. पोरं कितीतरी दिवस हसत होती. ते आठवलं की अजूनही माझं डोकं फिरतं. म्हणून या खेपेला काही झालं तरी मापाचेच घ्यायचे, असं मी ठरवलं होतं. आणि तरीही, पोशीरहून आलेल्या बाबांना मी सोबत नेलं.

कुंभिवलीजवळ हायवेला एका गोदामात एक गृहस्थ डोंगरातलं, बर्फातलं वापरलेलं सामान विकतात. बाबांनी एक बूट उचलला, वाकवून पाहिला, हुंगला.

“जड हाय. पन कापणीला बरा. साप चावायचा नाय.”

“बाबा, बर्फात साप नसतो.”

“मग एवढा म्हाग कशाला?”

दुकानदाराने मला सहा नंबर दिला. नाड्या आवळून गुडघे वाकवायला सांगितलं. टाच जागची हलली नाही, बोटं पुढे जेमतेम टेकली. मला इतका आनंद झाला, की मी तिथेच दोन-चारदा वाकले.

“सात नंबर काढा,” बाबा म्हणाले.

“काका, ढिला होईल.”

“होऊ द्या. पाय वाढंल.”

“एकेचाळीस वर्षांची हाय मी!”

“मग सुजंल. थंडीत सुजतो.” त्यांनी दुकानदाराला विचारलं, “कापूस हाय का तुमच्याकडं?”

माझा तोल गेला. “जलमभर कापसावर चालले बाबा. आता नाय!”

बाबांनी हातातला बूट खाली ठेवला. परक्या माणसासमोर बोलले याचं मला फार वाईट वाटलं, पण सहा नंबर काही मी काढला नाही. तेच घेणार म्हणून दुकानदाराला सांगून टाकलं.

वातावरण निवळावं म्हणून असेल, दुकानदाराने पाय मोजायची पट्टी बाबांसमोर ठेवली. बाबांनी बूट काढून पाय टेकवला.

“सात,” दुकानदार म्हणाला.

“नाय हो. माजा नऊ. लग्नात माज्या बापानं नऊ घेतला, तवापासनं नऊच हाय.”

दुकानदाराने पुन्हा मोजलं. सातच. त्याने चालायचे सात नंबरचे बूट आणून त्यांच्या पायात चढवले. बाबा जपून उठले. गोदामात एक फेरी मारली, मग दुसरी, मग रॅकच्या मागून लांबची तिसरी.

“हे असं असतं काय गं?” त्यांनी मला विचारलं.