सोजरच्या बाळाचा स्वेटर

निगडीच्या प्राधिकरणात घरं कमी आणि मोकळे प्लॉट जास्त होते, त्या वर्षांतली ही गोष्ट. आणीबाणी नुकतीच उठली होती. थंडीत संध्याकाळ झाली की माळावरून असं काही वारं सुटायचं की दारांच्या कड्या आपोआप वाजायच्या. त्या माळावर चार बिऱ्हाडांची एक इमारत होती आणि तिच्या वरच्या मजल्यावर चारुलताबाई केतकर राहायच्या. अख्खी इमारत त्यांना चारुवहिनी म्हणायची, तेव्हा आपणही तेच म्हणू.

चारुवहिनींच्या घरात क्रोशानं न झाकलेली एक वस्तू दाखवा आणि बक्षीस घेऊन जा! रेडिओवर रुमाल, माठावर रुमाल, ट्रंकेवर, तक्क्यावर, शिवणाच्या मशिनवर, जिकडे बघाल तिकडे जाळीच जाळी. त्यांचे यजमान मधुसूदनराव पिंपरीच्या एका कंपनीत ड्राफ्ट्समन होते. ते म्हणायचे, "रविवारी दुपारी डोळा लागायची भीतीच वाटते मला. उठेपर्यंत माझ्यावरही रुमाल पडलेला असायचा." वहिनी हसायच्या आणि सुई चालू ठेवायच्या. साताऱ्याच्या शाळेत शिवणाच्या बाईंनी हातात दिलेली ती सुई लग्न होऊन चिंचवडच्या एका खोलीत आली आणि तिथून निगडीला आली. मूल मात्र काही आलं नाही. डॉक्टर झाले, उपासतापास झाले, सासूबाईंचं टोचून बोलणं झालं, मग सासूबाईही थकून गप्प झाल्या. वहिनींनी दुःख गिळलं, असं लोक म्हणत. कसलं गिळलं! घर दुपारचं शांत झालं की अजूनही त्यांना रडू यायचं.

समोरच्या दारी दिवाळीनंतर ज्योतीराम आणि सोजर राहायला आले. गाव भूमकडचं, उस्मानाबाद जिल्ह्यातलं. ज्योतीराम कंपनीत मशिनवर होता, ओव्हरटाइम म्हटला की पहिलं नाव त्याचं. सोजर पंचविशीच्या आतली, काटक, कमी बोलणारी. आणि तिच्या कडेवर चार महिन्यांचं पोरगं. रंगानं सावळं, डोक्याला जावळ भरपूर, आणि हसायचं असं की बघणाऱ्यानं हातातलं काम खाली टाकावं.

पहिल्याच दिवशी सोजरनं काय केलं असेल? खाली पाणी भरायला जाताना सरळ वहिनींच्या मांडीवर पोरगं ठेवलं. "वैनी, जरा बघा वो ह्याच्याकडं," म्हणाली आणि गेलीसुद्धा. आता लोकांची मुलं मांडीवर घ्यायची तर वहिनी नेहमी आधी आईच्या तोंडाकडे बघायच्या. कुणी देताना कचरलं तर ते त्यांना बरोबर कळायचं. इथे तर न मागता मिळालं! त्या पोराला धरून अशा ताठ बसल्या की सोजर परत आली तेव्हा त्यांच्या पायाला मुंग्या आल्या होत्या.

"नाव काय गं याचं?"

"ठिवलं न्हाई अजून."

"अगं, चार महिन्यांचा झाला की!"

"ठिवू की सवडीनं," असं म्हणून सोजरनं हंडा उचलला. वहिनींना जरा चमत्कारिक वाटलं. पण असेल एखाद्या गावची रीत, म्हणून त्यांनी सोडून दिलं.

मार्गशीर्षात थंडी वाढली, तसं वहिनींच्या मनानं घेतलं, या पोराला स्वेटर करायचा. चिंचवडला जाऊन लिंबू रंगाची मऊ लोकर आणली आणि बसल्या. आता गंमत अशी, की वहिनींनी जन्मभर रुमालच केलेले. रुमालाला ना बाह्या, ना गळा. पण वहिनींचा हिशेब सोपा होता. गळ्याएवढी साखळी घालायची, तिचे भाग पाडायचे, पुढचा, बाहीचा, मागचा, बाहीचा, पुन्हा पुढचा. भाग जिथे जुळतात त्या चार कोपऱ्यांत दर ओळीला खांबाचे टाके वाढवत जायचं, चौकोनी टेबलक्लॉथला वाढवतात तसंच. काखेशी आलं की बाह्या बाजूला सोडायच्या आणि अंग खाली उतरवायचं. झालं की! पण हाताला सवय गोलाची. साखळी घातली आणि सवयीनं दोन्ही टोकं जोडून टाकली. दोन दिवस मान खाली घालून विणलं, काखेपर्यंत आल्या, आणि मग लक्षात आलं की पुढून उघडायला जागाच नाही!

मधुसूदनरावांनी ते फिरवून फिरवून बघितलं. "किटलीला छान बसेल," ते म्हणाले.

"तुम्ही गप्प बसा हो!" वहिनींनी सगळं उसवलं.

दुसऱ्या खेपेला गळा बरोबर जमावा म्हणून त्या दोरा घेऊन सोजरकडे गेल्या. पोरगं गाढ झोपलेलं. वहिनींनी वाकून दोरा छातीवर धरला मात्र, सोजर चुलीपुढून उठून धावत आली. पोराला असं झटकन उचललं की ते घाबरून रडायला लागलं. "माप नगा घेऊ वैनी! माप न्हाई घ्यायचं!"

"अगं, स्वेटरसाठी..."

"नगा," सोजर म्हणाली. तिचा चेहरा पांढरा पडला होता. वहिनी दोरा बोटाला गुंडाळत घरी आल्या. काय चुकलं? झोपलेल्या मुलाची मापं घेत नाहीत, हे त्यांच्या आजीकडूनही त्यांनी ऐकलेलं होतं. तेवढंच असेल, त्यांनी मनाची समजूत घातली. मग माप मांडीवरूनच घेतलं, म्हणजे नुसतं डोळ्यांनी. स्वेटर झाला. पुढून उघडा, शिंपल्याची पाच बटणं, आणि घडी घातली तर चक्क तळहातावर मावेल असा. स्वतःचंच कौतुक वाटून त्या दिवशी त्या दोनदा चहा प्यायल्या.

सोजरनं तो हातात घेतला. गालाला लावला. मऊ आहे का बघितलं. आणि मग घडी घालून परत दिला. "लई ग्वाड हाय वैनी. पन ऱ्हाऊ द्या. म्होरं बघू."

"म्होरं काय? थंडी आत्ता आहे!"

"म्होरं बघू," ती पुन्हा म्हणाली आणि डोळे पुसत आत गेली. आता आवडला म्हणून रडली म्हणावं तर घेतला का नाही? आणि आवडला नाही म्हणावं तर गालाला का लावला? वहिनींना काही म्हणता काही कळेना.

दोन दिवसांनी त्या गच्चीवर वाळवण उलटायला गेल्या, तर पोरगं उन्हात पाय झाडत पडलेलं. अंगात काय? खालच्या मजल्यावरच्या सुमनताईंच्या धाकट्याचा जुना स्वेटर! कोपराला भोक, गळा ढिला, रंग कुठला होता ते देवालाच ठाऊक. आपला नवा, बटणांचा, लिंबू रंगाचा स्वेटर परत, आणि हे फाटकं अंगात!

सुमनताईंना सगळ्या जगाची माहिती. त्या म्हणाल्या, "अगो, चिकट आहेत ती माणसं! नवरा एवढा ओव्हरटाइम करतो आणि ही आमच्याकडे जुनं मागते, शेजारी जुनं मागते. परवा माझ्याकडून फाटकी दुपटी घेऊन गेली. गावी पैसा पाठवत असतील."

"अहो, पण चिकट माणूस फुकटचा नवा स्वेटर सोडेल का?"

हा प्रश्न सुमनताईंनाही पडला. मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "नाही, म्हणजे... तू मनाला लावून घेऊ नकोस हं, चारू. पण काही माणसं मानतात. पहिलं कापड कुणाच्या हातचं, त्या बाईला स्वतःला मूलबाळ..." आणि पुढचं त्यांनी पदरात पुसून टाकलं.

झालं! ज्याची भीती होती तेच कानावर आलं. सुमनताई, पुतण्याच्या बारशाला जावा, साताऱ्याच्या वन्सं, सगळ्यांनी जे डोळ्यांनी सांगितलं होतं ते. तुझा हात शुभ नाही. वहिनी जिना चढून वर आल्या आणि बिनदुधाचा चहा घेऊन बसल्या, दूध घालायचं लक्षातच राहिलं नाही. आणि तेवढ्यात दार वाजलं. दारात सोजर, कडेवर पोरगं. "वैनी, नळाला पानी आलंय, जरा धरता?" आणि मांडीवर पोरगं देऊन गेली!

आता तुम्हीच सांगा, माणसानं करायचं काय? मांडी चालते आणि हात चालत नाही? पोरगं वहिनींचं बोट तोंडात घालून चोखत होतं. ते बोट चालतं, त्या बोटानं विणलेलं चालत नाही? रात्री जेवताना त्यांनी मधुसूदनरावांना विचारलं. ते म्हणाले, "तिलाच विचार की." पुरुषांना सगळंच सोपं! विचारायचं आणि तिनं 'व्हय' म्हटलं तर? मग रोज समोरासमोर दार उघडून जगायचं कसं? मुलाला मांडीवर तरी घ्यायचं कसं? न विचारता निदान मांडी तरी राहते, असा हिशेब करून वहिनी आठ-दहा दिवस गप्प राहिल्या. पण पोराला सर्दी झाली. छातीत घुरघुर ऐकू यायला लागली, आणि अंगात तेच भोकाचं. मग मात्र वहिनींचा तोल गेला. स्वेटर उचलला आणि तडक सोजरच्या घरात शिरल्या.

"हे बघ सोजर, आज खरं सांग. माझ्या मांडीवर ठेवतेस ना याला? मग माझ्या हातचं का नको? मी वांझ आहे म्हणून? तसं असेल तर तोंडावर सांग. मी उद्यापासून तुझ्या पोराला हात लावणार नाही. पण त्याला थंडीत मारू नकोस, बाई!"

सोजरनं पटकन त्यांच्या तोंडावर हात ठेवला. "मरन नगा काडू! पाया पडते, वैनी." आणि खालीच बसली. ज्योतीराम ड्युटीवर होता. तरी उठून तिनं दार लावलं आणि मग बोलली, इतकं हळू की वहिनींना वाकावं लागलं.

"ह्याच्या आदी दोन झाली, वैनी. थोरल्याला माज्या आईनं नवं अंगडं शिवलं. धाकटीला मामानं बाजारातनं नवी झबली आनली. दोनी नव्या कापडातच गेली वो. ह्याच्या येळंला आत्याबाईनी सांगितलं, येडाईदेवीला जावळ देईस्तवर अंगाला नवं लावायचं न्हाई. जुनं मागून आनायचं. माप न्हाई, नाव न्हाई. आन ह्ये बोलून बी दावायचं न्हाई. आज तुमी बोलायला लावलं."

ही रीत काय वहिनींना ठाऊक नव्हती? साताऱ्याला त्यांच्या आळीत अशीच दोन मुलं मागून आणलेल्या कपड्यांत वाढली होती. पण सोजरच्या पदरची दोन गेली आहेत हे कुणाला माहीत होतं! इतके दिवस डोक्यात चाललेलं सगळं चूक निघालं. हायसं वाटायला हवं होतं. पण वाटेना. एक काटा राहिलाच होता.

"सुमनताईंकडे मागितलंस," त्या म्हणाल्या. "शेजारी मागितलंस. माझ्याच दाराशी आली नाहीस." आणि उत्तरही त्यांनीच दिलं. "बरोबरच आहे म्हणा. लहान मुलाचं जुनं माझ्याकडे कुठून असणार."

सोजर त्यांच्याकडे बघतच राहिली. "लहानाचंच लागतं आसं कुनी सांगितलं? जगल्याल्या लेकराचं लागतं."

"मग?"

"मंग तुमी कोन हायसा वो, वैनी? तुमच्या आईचं जगल्यालं लेकरूच की तुमी! पैल्या दिसापासनं तुमच्याकडं मागावं म्हनते. पन तुमी सायबाच्या घरच्या. तुमच्या अंगावरलं जुनं द्या म्हनून हात कसा पसरू? तुमाला राग येईल म्हनून भ्याले."

लग्न झाल्यापासून सगळ्या जगानं वहिनींना एकच विचारलं होतं, तू कुणाची आई. त्या कुणाचं लेकरू आहेत, हे कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. त्यांच्या स्वतःच्यासुद्धा नाही. अंगात पातळावर एक चॉकलेटी स्वेटर होता, लग्नानंतरच्या पहिल्या थंडीत आईनं विणून धाडलेला. त्यांनी तिथेच बटणं सोडायला सुरुवात केली.

"आसं न्हाई, आसं न्हाई!" सोजर डोळे पुसत उठली. "तुमी तुमच्या घरात जावा. मागूनच घ्यावं लागतं."

वहिनी आपल्या घरात गेल्या, दार लावलं आणि आत उभ्या राहिल्या. लिंबू रंगाचा स्वेटर सोजरच्या खाटेवर तसाच राहिला. दार वाजलं. उघडलं, तर सोजर कडेवर पोराला घेऊन उंबऱ्याबाहेर उभी होती. पदर पुढे पसरलेला, मान खाली. जिन्यात सुमनताई भाजीची पिशवी घेऊन थबकल्या होत्या, त्यांच्याकडे तिनं बघितलंसुद्धा नाही.

"माय," ती म्हणाली, "माज्या लेकराला तुमच्या अंगावरलं वाडा."

वहिनींनी अंगातला स्वेटर काढून पदरात घातला. मग सोजरला हाताला धरून आत घेतलं, तो स्वेटर तिच्याच पदरातून पुन्हा उचलला, खालच्या पट्टीचं टोक शोधलं आणि पोराएवढा करायला तो उसवायला घेतला.