आईच्या नजरेत न भरणारी पिशवी

पिशवी या विषयावर माझ्या साडूंइतका विचार केलेला माणूस या भूतलावर दुसरा नसेल. आपण पिशवी घेताना ती कशी दिसते ते बघतो. साडू ती दिसत नाही ना, ते बघतात. बोईसरच्या बाजारात बॅगांचं असं दुकान नाही, जिथे सगळा माल खाली काढायला लावून "छान आहेत, म्हणूनच नकोत" असं म्हणत त्यांनी काढता पाय घेतलेला नाही. अशा प्रत्येक वेळी त्यांच्यामागे ओशाळवाणं हसत उभा असलेला टकला गृहस्थ म्हणजे मी. आमच्या बायका सख्ख्या बहिणी. त्यामुळे हे नातं मला निवडता आलं नाही, आणि आता सोडवतही नाही.

साडू तारापूरच्या एका कारखान्यात केमिस्ट आहेत. बसले तरी आत्ताच उठणार आहेत असे बसतात. चहा उभ्याने पितात, आपल्या घरी आले तर आपलाच पंखा कमी-जास्त करत राहतात, आणि एक पाय असा हलवतात की टेबलावरच्या बशीतला चमचा वाजतो. पालघरच्या एका लग्नाच्या फोटोग्राफरने धंदा आटोपला तेव्हा त्याचा जुना कॅमेरा त्यांनी स्वस्तात उचलला, तो एकाच फोटोसाठी. त्यांची आई समुद्रकाठच्या मुरब्याला राहते आणि जन्मभर मासळी सुकवून विकत आली आहे. गुडघे साथ देईनात, तेव्हा हा हंगाम शेवटचा, असं तिने जाहीर करून टाकलं होतं. साडूंना ती मासळी वाळवायच्या खळ्यात बसून बारीक जवळा पसरताना, कावळ्यांच्या नावाने ओरडताना हवी होती. "साडूभाऊ, आईसारखी दिसणारी आई पाहिजे," ते म्हणायचे, "दुसरं काय नको." आणि हंगाम तर एकेक दिवस सरत चालला होता.

अडचण अशी, की कॅमेऱ्याबरोबर आलेली काळी बॅग आईने पहिल्याच दिवशी लांबून ओळखली. "थांब रे, फोटू हाय ना? आलेच!" म्हणून ती आत गेली ती तोंड धुऊन, तेल लावून, धाकट्या मुलाच्या लग्नातलं लुगडं नेसून बाहेर आली आणि दोन्ही हात खाली सोडून भिंतीला चिकटून उभी राहिली. श्वास रोखून म्हणाली, "काढ." तो फोटो मी पाहिलाय. मतदान ओळखपत्रावर शोभेल. साडूंनी हरप्रकारे विनवलं, पण फोटो म्हटला की माणसाने नीट उभं राहायचं असतं, यापुढे ती ऐकेना. आणि बॅग दिसली की तिला फोटो कळायचाच.

तेव्हापासून हा पिशवीचा ध्यास. लेकाच्या उशीतला फोम कापून साडूंनी कॅमेऱ्याला गादी केली (उशी एका बाजूने अजून खचलेली आहे) आणि ती गादी कशात बसेल हे बघत ते फिरू लागले. पहिल्यांदा डब्याची पिशवी नेली. आईने ती हातातून ओढूनच घेतली. "डबा नाय खाल्लास? बघू तरी सून काय देते!" साडूंनी पिशवी उलट ओढली, आणि सून भाकरतुकडासुद्धा धड देत नाही म्हणून लेक डबा लपवतो, ही बातमी आमच्या घरी पालघरपर्यंत आली. मग लॅपटॉपची बॅग नेली. लेक मोठा साहेब झाला, असं आईने आळीभर सांगितलं आणि कंपनीत चिकटवा म्हणून पोरांचे बाप येऊन बसले. औषधाच्या दुकानाची पिशवी नेली, तर कुणाला काय झालं म्हणून ती रडायलाच बसली. साडू हताश झाले. प्रत्येक पिशवीला आईपाशी काही ना काही अर्थ होता. अर्थच नसलेली पिशवी मिळणार कुठे?

बोईसरच्या त्या शेवटच्या दुकानातलं संभाषण मला आजही घाम फोडतं. "साब, इसमें रखना क्या है?" दुकानदाराने विचारलं. "वो छोडो," साडू म्हणाले, "देखनेवाले को लगना चाहिए के अंदर कुछ नहीं है." दुकानदाराने आधी त्यांच्याकडे, मग माझ्याकडे नीट पाहिलं आणि माल परत वर चढवायला सुरुवात केली. "साब, अपना सीधा धंदा है."

शेवटी वाणगावच्या बाजारात ती सापडली. नायलॉनच्या पट्ट्यांची, उन्हाने विटलेली, एका भाजीवालीची स्वतःची वापरातली पिशवी. साडूंनी नवी देऊन ती जुनी घेतली. तिच्यात जादा मिरच्या टाकून देता देता भाजीवाली माझ्याकडे करुणेने बघत होती.

रविवारी आम्ही मुरब्याला गेलो. आई खळ्यातच होती. तिने पिशवीकडे ढुंकूनही पाहिलं नाही. साडूंनी मला डोळा मारला. एका झटक्यात काढता यावा म्हणून त्यांनी कॅमेऱ्याचं झाकण काढून, पिशवीचं तोंड उघडं ठेवून ती ओट्याच्या कडेला टेकवली आणि उजेड कुठून येतो ते बघायला ते खळ्याला वळसा घालून गेले. पिशवीची राखण माझ्याकडे होती. पण धाकट्या सुनेने त्याच वेळी तळलेले बोंबील पुढे ठेवले, आणि तळलेला बोंबील समोर असताना मी कशाचीच राखण करू शकत नाही.

आता, मुरब्याच्या घरातून कुणाची पिशवी मोकळी परत गेलेली नाही. बाजारची पिशवी, तोंड उघडं, वरून रिकामी. उन्हात दिपलेल्या डोळ्यांनी आईला तेवढंच दिसलं. तिने वाळलेल्या जवळ्याची भरली टोपली उचलली आणि मायेने पिशवीत ओतली.

साडू धावत आले तोवर लेन्सभोवतीच्या प्रत्येक फटीत जवळा जाऊन बसला होता. आईने आत हात घातला. "हे काय रे खाली?"

"कॅमेरा."

आई एकदम भडकली. "मग आधी सांगायचं नाय? मी लुगडं बदललं नसतं?"

"म्हणूनच नाय सांगितलं!" साडूही ओरडले. मग आवाज खाली आणून म्हणाले, "ठेव गं. दुकानात देतो साफ करायला."

"दुकानवाला आपल्या घरचा जवळा टाकून देल," असं म्हणून ती तिथेच बसली. कॅमेरा मांडीवर घेतला, अंबाड्यातला आकडा काढला आणि फटीतून एकेक जवळा टोकरून काढू लागली. "बापासारखाच हाय. सरळ काय करायचंच नाय." मध्येच मान वर करून कावळ्यांवर ओरडत होती, सुटलेले केस मनगटाने मागे सारत होती. निघालेला जवळा लेकाच्या पसरलेल्या तळहातावर ठेवत होती. साडू तिच्यासमोर मांडी घालून बसले होते, आणि त्यांचा पाय हलत नव्हता.

मी हळूच खिशातून मोबाइल काढला. साडूंनी न बघताच मान हलवली. "नको," ते पुटपुटले, "बघेल, आणि उठेल."

मी मोबाइल खिशात ठेवला.

कॅमेरा दुरुस्त झाला, पण तोवर हंगाम संपला. आई आता खुर्चीत बसून सुनेला खळ्यातल्या चुका सांगते. फोटो निघाला नाही तो नाहीच. साडूंकडे कुणी पाहुणा आला, की ते आणि मी त्याला तो फोटो तोंडी दाखवतो: ऊन कुठून होतं, आकडा कुठल्या हातात होता. फक्त ती तेव्हा हसत होती की रागावलेली होती, यावर आमचं अजून भांडण होतं. ती हसत होती, असं मी म्हणतो. साडू उठून पंखा कमी करतात.