जाता जात नसलेलं नववं पान

त्या दिवशी लोणी देवकरच्या आमच्या कारखान्यात सकाळपासून सगळ्यांची नुसती पळापळ चालली होती. नव्वदचं दशक सरत आलेलं... क्वालिटी सर्टिफिकेटसाठी पुण्याहून ऑडिटर यायचे होते, दुपारच्या जेवणानंतर. आणि मी, ऑफिसात नवी लागलेली कॉम्प्युटरवाली, एका कोऱ्या पानापायी रडकुंडीला आले होते.

माझं प्रोबेशन संपत आलं होतं. तात्यांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, कन्हेरीच्या घरी ठणकावून सांगितलं होतं, "पर्मनंट झालीस तर कर नोकरी. न्हायतर ऐतवारी पावणं बघायला येत्यात, गुमान हुबी ऱ्हा." बी.कॉम. करून, बारामतीत कॉम्प्युटर क्लास करून मला इतक्यात बोहल्यावर चढायचं नव्हतं हो!

काम तसं साधं होतं. मशीन कसं चालवायचं याची माहिती टाईप करायची, शेवटी एक टेबल. मजकूर आठ पानांत संपला... पण प्रत्येक पानाखाली येत होतं 'एकूण पाने ९'. नववं पान कोरं!

डिलीट दाबलं, जाईना. बॅकस्पेस दाबलं, जाईना. मार्जिन कमी केलं तर वरचा सगळा मजकूर विस्कटला, आणि तो सावरता सावरता घामाघूम झाले.

म्हटलं, कोरं पान काढून टाकू, कोण बघतंय? पण ऑडिटरनं 'एकूण ९' वाचून नववं पान मागितलं तर काय दाखवणार, माझं कपाळ? आणि ठेवावं, तर विचारणार यावरचा मजकूर कुठं गेला. आमचे मॅनेजर देशमाने साहेब सारखे दारात येऊन नुसते बघून जायचे... चार शब्द सुनावले असते तरी परवडलं असतं.

शेवटी साहेबांच्याच केबिनमधून बारामतीला क्लासच्या संगीता मॅडमना फोन लावला. रिंग वाजत होती आणि मी मनात कुलदैवताला साकडं घालत होते. सगळं ऐकून मॅडमनी एकच विचारलं, "शेवटी टेबल आहे ना?"

"व्हय मॅडम, हाय!" घाबरले की माझी गावची बोली अशी बाहेर पडते. साहेब समोरच बसलेले.

"अगं, टेबलाच्या खाली एक रिकामी ओळ राहतेच, तीच नवव्या पानावर गेलीय. ती जायची नाही, उगाच मागे लागू नकोस. ती सिलेक्ट कर आणि फाँट साईज एक कर. जा, बघ. मी फोनवर आहे."

रिसीव्हर टेबलावर ठेवून मी धूम ठोकली. ओळ सिलेक्ट केली, फाँट साईजच्या जागी एक टाईप केलं, एंटर मारलं... आणि नववं पान गायब! खाली आपोआप 'एकूण पाने ८'.

परत आले तर मॅडम खरंच फोन धरून होत्या. "झालं का गं?" मला हुंदकाच आला. मी नुसती मान हलवत राहिले, फोनवर! साहेबच म्हणाले, "झालं मॅडम, झालं."

ऑडिटरनी दुपारी ती आठ पानं उलटली आणि बाजूला ठेवली. बस्स, एवढंच! संध्याकाळी साहेबांनी बोलावून सांगितलं, तुम्ही आता पर्मनंट.

घरी पोचले तर तात्या ओट्यावर बसलेले. मी भीत भीत सांगितलं. ते उठले, पायात चपला घातल्या आणि सायकल काढली.

"आता कुठं निघाला?" आईनं विचारलं.

"पिंपळीला. पावण्यास्नी सांगून येतो, ऐतवारी यिऊ नका. आमची पोरगी नोकरीला लागलीया."

तात्या आता नाहीत. संगीता मॅडम, तुम्ही कुठं असाल ठाऊक नाही... पण हे वाचत असाल तर, त्या दिवशी रडण्याच्या नादात थँक्यू म्हणायचं राहून गेलं होतं. आज म्हणते.