इथरच्या यंत्रापुढची आरती

तबकात कापूर पेटलेला होता आणि तबक माझ्याकडेच येत होतं. पुढे पूजा सांगणारे महाराज, त्यांच्या मागे हरकचंद शेठ, शेठच्या मागे त्यांच्या कापसाच्या जिनातली झाडून सगळी माणसं. मी शेडच्या दारात आडवा उभा. माझ्या पाठीमागे बर्फाचं यंत्र पोट उघडून पडलेलं, आणि जमिनीवर घोट्याएवढी इथरची वाफ साचलेली. ती डोळ्याला दिसत नाही, नाकालाच दिसते.

"शेठ, तिथंच थांबा," मी म्हणालो. "अजून चार पावलं टाकली तर आपण सगळे बडनेऱ्यात जाऊन पडू. तुकड्यातुकड्यानं."

शेठ हसले. मी थापा मारतो हे अख्ख्या अमरावतीला माहीत होतं. जन्मभर वाघाच्या गोष्टी सांगितल्या की खऱ्या वाघाच्या वेळी असं होतं.

आता हे यंत्र काय होतं ते सांगायला हवं. त्या काळात अमेरिकेत लढाई जुंपून तिकडचा कापूस बंद झाला होता, आणि विलायतेच्या गिरण्या वऱ्हाडच्या कापसासाठी जीभ काढून बसल्या होत्या. पैसा इतका झाला की लोकांना तो कुठे घालावा कळेना. कोणी बैलांच्या शिंगांना चांदी मढवली, आणि आमच्या शेठनं बर्फाचं यंत्र आणलं. मुंबईहून ते बैलगाड्यांवर आलं. वाटेत निम्मे बैल म्हातारे झाले, असं मी सांगतो आणि लोक मानतात. मी परतवाड्याचा लोहार. मुंबईच्या गोदीत इंजिनं शिकून आलेलो, म्हणून ते माझ्या गळ्यात पडलं.

त्याची करामत साधी. आत इथर नावाचं पाण्यासारखं औषध. तळहातावर थेंब टाकला तर तो उडून जातो, आणि जाताना हाताची ऊब चोरून नेतो. यंत्रात हीच चोरी मोठ्या प्रमाणावर चालते. पंप इथरची वाफ ओढतो, इथर उडतो, भोवतालचं मिठाचं पाणी गारठतं आणि त्यात ठेवलेल्या डब्यांतल्या गोड्या पाण्याचा बर्फ होतो. मग पंप ती वाफ दाबतो, विहिरीच्या पाण्यानं तिला थंड करतो, की पुन्हा पातळ इथर तयार. पंप चालवायला वाफेचं इंजिन, इंजिनाला बॉयलर. बॉयलर आवाराच्या पार दुसऱ्या टोकाला होता आणि मधे लांबलचक पट्टा. कारण इथर हा दारूचा तापट मोठा भाऊ. त्याची वाफ जड असते. ती वर जात नाही, जमिनीवरून पाण्यासारखी सरपटते, लांबवर एखादी चिलीम शोधून काढते आणि तिथून आग घेऊन घरी परत येते.

आणि शेडच्या भिंतीला लागून काय होतं? कापसाची गंजी. शेठचा अख्खा हंगाम. तिच्यावर सरकी वेचणाऱ्या बाया बसलेल्या.

त्या दिवशी संध्याकाळी अकोल्याचे व्यापारी जेवायला यायचे होते. शेठनं त्यांना बर्फ घातलेलं सरबत कबूल केलं होतं. अकोलेकरांनी आदल्या महिन्यात म्हटलं होतं म्हणे, की अमरावतीत चैत्रात बर्फ होत असेल तर आमच्या जठारपेठेत आंबे दगडाला लागतात. तेव्हापासून शेठला झोप नव्हती. आणि नेमकं सकाळी यंत्रातून वास यायला लागला. पंपाचा दांडा जिथून आत जातो तिथे चामड्याचं पॅकिंग असतं. वऱ्हाडच्या उन्हानं ते वाळून पापड झालं होतं.

मी रीतसर काम धरलं. रहीमचाचा बॉयलरवाले. त्यांना आधी भट्टीतला विस्तव काढून पाण्यात टाकायला लावला. शेडची दोन्ही दारं उघडली. लोखंडी हातोडा बाहेर ठेवून लाकडी मोगरी घेतली, कारण लोखंडावर लोखंड आपटलं तर ठिणगी उडते. इथर जमेल तेवढा भांड्यात काढून बूच मारलं. तरी आत उरतोच, आणि झाकण उघडलं की पायाशी सांडतो. वारा तो मागच्या दारानं पडीक रानाकडे नेत होता. सगळं ठीक चाललं होतं.

एक गोष्ट मात्र मी विसरलो. आमच्या जिनात कोणतंही यंत्र उघडलं की त्याचा जीव गेला असं समजायचे. बंद करून पुन्हा चालू करण्याआधी कापूर ओवाळून जीव परत घालायचा. शेठला घाई. म्हणून त्यांनी महाराजांना आधीच बोलावून ठेवलं, की इकडे झाकण बसेल तिकडे आरती होईल.

"शेठ, इथे विस्तव चालत नाही," मी पुन्हा म्हणालो. "वाफ पेट घेते. बाजूला गंजी आहे, वर बाया बसल्या आहेत."

"मिस्त्री, लेका, मले येडा समजून राहिला का?" शेठ म्हणाले. "थंड करणारी चीज पेटन कशी? बर्फानं कधी आग लागली का?"

लोक हसले. प्रश्न बिनतोड होता. रहीमचाचा माझ्या कानाशी आले आणि हळूच म्हणाले, "मियाँ, हवा बदल रही है."

खरंच. इतका वेळ मागच्या दाराकडे जाणारा वारा फिरला होता. धोतराचा सोगा पुढे उडायला लागला. म्हणजे पायाशी साचलेली वाफ आता पायरी उतरून तबकाकडे निघाली होती. महाराजांना ती आधी लागली. इथरनं माणूस झिंगतो. ते मंत्राच्या मध्येच थांबले, गालातल्या गालात हसले आणि पहिल्यापासून म्हणायला लागले. पायरीवरचं मांजर आडवं झालं. शहाणपणाच्या सगळ्या गोष्टी सांगून झाल्या होत्या. उरली होती थाप.

शेठच्या आई गर्दीच्या मागे खुर्चीवर बसल्या होत्या. सगळे त्यांना माजी म्हणत. शेठ कलेक्टरला भीत नसत, माजींना भीत. मी शेठला सोडलं आणि मोठ्यानं तिकडे हाक दिली.

"माजी, एक विचारू का? हे यंत्र गारठ्याचं. म्हणजे इथे वास कोणाचा? शीतलामातेचा. आणि शीतलामातेच्या पुढ्यात हे लोक आग घेऊन चालले आहेत."

माजी उठल्या. मारवाडातून आलेलं घराणं. मातेच्या दिवशी त्यांच्या घरी चूल पेटत नसे. आदल्या दिवशीचं शिळं अन्न खात, मातेला दहीभात थंड दाखवत. आग पाहिली की माता कोपते आणि घरातल्या लेकरांना देवीचा रोग होतो, हे त्यांना आईच्या दुधाबरोबर मिळालेलं.

"हरक्या," त्या म्हणाल्या, "मातेले चटका देतो काय रे? घरात लेकरं हायत ना तुह्या?"

आवाज मोठा नव्हता. पण शेठनं महाराजांच्या हातातलं तबक ओढून घेतलं आणि ते घेऊन थेट विहिरीकडे पळाले. कापूर पाण्यात चर्र झाला तेव्हा मी श्वास सोडला. तोवर सोडला नव्हता. लोक म्हणतात मी निळा पडलो होतो.

आम्ही पोत्यांनी जमिनीलगत वारा घातला. नाक 'हवा स्वच्छ आहे' म्हणेपर्यंत घातला. नवीन चामडं तेलात भिजवून बसवलं. रिठ्याचा फेस करून सांध्यांना लावला. लीक असेल तिथे फेसाला बुडबुडा येतो. एकही आला नाही. मी पागोटं नीट करून रहीमचाचांना म्हणालो, पेटवा बॉयलर.

"कावून?" माजी म्हणाल्या. त्या अजून गेल्या नव्हत्या.

मी म्हणालो, बॉयलर लांब आहे, मधे अख्खं आवार आहे, आता वाफ उरली नाही, आता धोका नाही.

"आवार एकच हाय ना? माता आवारात हाय. आज इथं चूल पेटनार नाही."

शेठ माझ्याकडे पाहत राहिले. पहिल्यांदाच त्यांना माझ्या थापेचा एक शब्दही खोटा म्हणता येत नव्हता, आणि मलाही. रहीमचाचा मिशीत हसत होते.

शेवटी कापसाच्या गाठी दाबायच्या जुन्या यंत्राचा रहाट काढला, त्याला बैल जुंपले आणि पट्टा चढवला. चैत्राच्या उन्हात बैल गोल फिरले, आम्ही मागून फिरलो, शेवटी शेठही फिरले. अकोलेकर दिवेलागणीला आले तेव्हा डब्याच्या तळाशी पापडाएवढा, पापडाइतकाच जाड बर्फ होता. प्रत्येकाला नखाएवढी कपची मिळाली. जेवणही आदल्या दिवशीचंच, थंड. अकोल्याच्या एका बुजुर्ग व्यापाऱ्यानं कपची जिभेवर ठेवली, डोळे मिटले आणि विचारलं, "बाकीचा कुठं हाय?"

शेठ म्हणाले, "मातेनं ठेवून घेतला."

पुढे मी तिथे असेपर्यंत त्या शेडजवळ कोणी चिलीम ओढली नाही. मी दारावर पाटी लावली होती, ओरडलो होतो, गड्यांच्या पगारातून कापलं होतं, काही उपयोग झाला नव्हता. आता बाया येता-जाता दारात दह्याची वाटी ठेवत. इथर राखायला इतका चांगला पहारेकरी मुंबईच्या गोदीतही नव्हता. फक्त यंत्र उघडायचं तर आदल्या दिवसापासून आवारातली सगळी आग बंद, आणि दुरुस्ती करणाऱ्यानं शिळी भाकर खायची, असा नियम माजींनी घालून दिला.

तेव्हा या धंद्यात येणाऱ्यांना माझं एवढंच सांगणं. यंत्र उघडण्याआधी विस्तव विझवा आणि वारा कुठला आहे ते पाहा. आणि देवीला हाक मारण्याआधी नीट विचार करा. ती आली तर पाहुणी म्हणून येत नाही, राहायला येते.