प्रश्नाला शाल

खुंटीवरची शाल बघितली की माझं डोकं तापतं. काल ग्रामसभेत मी सरपंचांना सरळ विचारलं, "आमच्या आळीच्या नळाला पाणी कधी येणार?"

सरपंच खूश! "असेच जागरूक तरुण हवेत गावाला. या, वर या, सत्कार करू."

खांद्यावर शाल, हातात नारळ आणि टाळ्या मात्र सरपंचांना, टीका ऐकून घेतली म्हणून. अंगावर धावून आले असते तर मी भांडलो असतो. शाल पांघरून भांडायचं कसं? उत्तर मागायला तोंड उघडलं, तर फोटोवाला म्हणाला, "दादा, जरा हसा."

आणि मी हसलो!

घरी आईनं रिकामी कळशी बाजूला ठेवली आणि म्हणाली, "फोड बाबा तो नारळ. तेवढंच पाणी आणलंयस."