पणजोबांच्या खांद्यावरचा हात

हे मी आजवर कोणालाही सांगितलेलं नाही. बायकोला अर्धं माहीत आहे – आणि तिला वाटतं, सगळंच माहीत आहे. म्हणजे हे वाचून झाल्यावर तुम्ही तिच्याही पुढे गेलेले असाल. जरा जपून.

तशी माझी ख्याती फजित्यांबद्दल आहे. दुबईत आल्या आल्या मेट्रोच्या बायकांच्या डब्यात चार स्टेशनं ऐटीत प्रवास केला, तो मी. क्लायंटच्या वयोवृद्ध काकांना पहिल्याच भेटीत ‘यल्ला हबीबी’ – म्हणजे ‘चल रे दोस्ता’ – म्हणालो, तोही मीच. या गोष्टी मी पार्ट्यांमध्ये मीठमसाला लावून सांगतो, लोक हसतात, मीही हसतो. मग ही एक का नाही सांगितली? कारण त्या सगळ्यांत माझं एकट्याचंच हसं होतं. इथे – नाही. थांबा, क्रमानेच सांगतो.

मी एसीच्या डक्टचं काम बघतो. वाळवंटात थंड हवा पोचवायची, असा धंदा. अठरा वर्षं झाली. आता इतकी वर्षं अशा जागी काढली, जिथे कुंडीतली तुळससुद्धा जूनमध्ये हॉलच्या एसीत आणून ठेवावी लागते, की माणसाला मुळांची खाज सुटते. मला सुटली. गावाहून फेरफारांच्या नकला मागवल्या, वारसनोंदी मागवल्या, आत्याच्या ट्रंकेतले फोटो कुरियरने आणवले. त्यातून उभे राहिले माझे पणजोबा. रत्नागिरीच्या बाजूला आमच्या गावावर एक सडा आहे – नुसता काळा कातळ, गवताची काडी जेमतेम. त्या कातळात पणजोबांनी सुरुंगाने खड्डे पाडले, खालच्या मळ्यातून डोक्यावर टोपल्यांनी माती वाहून नेऊन ते भरले, आणि हापूसची कलमं लावली. पहिली तीन वर्षं कावडीने पाणी घातलं. आमच्या पंचक्रोशीत सड्यावर बाग करणारा पहिला माणूस. ऑफिसात मी हे इतक्यांदा सांगितलं, की एसीच्या चिलर मशीनवर चाललेली मीटिंगसुद्धा माझ्यामुळे कलमांवर येऊन संपायची.

मग मी पुस्तिका काढली. मुखपृष्ठावर पणजोबांचा फोटो. हातात कुदळ, मागे दगडांचा गडगा.

आता त्या फोटोबद्दल.

मूळ फोटोत दोन माणसं आहेत. पणजोबा, आणि त्यांच्या उजवीकडे त्यांच्याहून वीतभर उंच, दाढीवाला, गोल टोपी घातलेला एकजण. त्याच्याही हातात कुदळ. मी त्याला कापला. मुखपृष्ठ उभं होतं, फोटो आडवा होता, दोघे मावत नव्हते – असं मी प्रिंटरला सांगितलं, बायकोलाही सांगितलं. खोटं नव्हतं ते. खरंच मावत नव्हते. पण कापण्याआधी मी फोटो उलटून पाहिला होता, हे मात्र कोणाला सांगितलं नाही. मागे पेन्सिलीने दोन नावं होती. पणजोबांचं, आणि हसन. आणि खाली – ‘बागेचे धनी’.

एकदा वाचलं. पुन्हा वाचलं. आणि मग कापला. पहिला माणूस दोन असून कसं चालेल?

प्रकाशन दुबईतच, ऊद मेथातल्या एका हॉलमध्ये केलं. दाऊदभाईंना मीच आग्रहाने बोलावलं होतं. दाऊदभाई म्हणजे अबू धाबीजवळच्या मुसफ्फातल्या आमच्या डक्टच्या वर्कशॉपचे फोरमन, आमच्याच तालुक्यातले. माझं पणजोबापुराण सगळ्यात जास्त सोसलेला माणूस. त्यांचे वडील, अब्बा, तेव्हा व्हिजिट व्हिसावर आले होते. नव्वदीला टेकलेले. दोघे अबू धाबीहून दीड तास गाडी करून आले, पहिल्या रांगेत बसले. भाषण झाल्यावर अब्बांनी पुस्तिका डोळ्यांजवळ धरली, आणि पणजोबांच्या खांद्यावर बोट ठेवलं.

“हा हात कोणाचा?”

हात? मी वाकून पाहिलं. चार बोटं. मिलिमीटरमध्ये पत्रा कापून घेणारा माणूस मी, आणि फोटो कापताना चार बोटं शिल्लक ठेवली होती! उपरण्याची चुणी समजून तीन महिने बघत होतो.

“असेल कोणी गडी,” मी म्हणालो.

हे वाक्य पुन्हा वाचा हवं तर. मी वाचतो अधूनमधून.

अब्बांनी पुस्तिका दाऊदभाईंकडे दिली. दाऊदभाईंनी विचारलं. “भाऊ, पूर्ण फोटो असेल ना तुमच्याकडे? अब्बांची आई सांगायची, तुमच्या पणजोबांनी आणि आमच्या आजोबांनी, हसननी, मिळून सड्यावर बाग केली. हे दोन वर्षांचे होते, तेव्हा वडील जहाजावर गेले. ते गेलेच. घरात एकही फोटो नाही. यांना बापाचा चेहराच आठवत नाही.”

आणि मी म्हणालो, एवढाच तुकडा मिळाला. बाकीचा वाळवीने खाल्ला.

वाळवी! कुठून सुचली? पण लगेच सुचली, हे खरं.

त्यानंतर मी काय केलं, ते तुम्हाला कळेल – तुमच्याही नावावर गावी गुंठाभर जमीन असेल तर. जुन्या बागेचं नाव कोणी काढलं की आपल्या मनात आधी काय येतं? प्रेम येतं? आठवणी येतात? सातबारा येतो. दुसऱ्या दिवशी ऑफिसात बसून मी तो ऑनलाइन उघडला आणि ‘इतर हक्क’ हा रकाना बोट ठेवून वाचला. हसन नावाचं कोणी नव्हतं. सुटलो म्हणावं ना? नाही. नाव नाही, म्हणजे नाव लावायला आलेत, असं वाटलं. गावी चुलतभावाला फोन केला. “कोणी मोजणीला वगैरे आलंय का रे?” तो म्हणाला, “सड्यावर माकडं सोडून कोणी फिरकत नाही. तुला झालंय काय?”

मला संशय झाला होता. दाऊदभाईंनी सहज विचारलं, तिथली विहीर अजून आहे का – मी ठरवलं, विहिरीवर डोळा आहे. अब्बांचा व्हिसा महिनाभर वाढवला – वकिलाला वेळ हवा असणार. एका शुक्रवारी त्यांच्या घरून डबाभर फणसाची सांदणं आली. मी डब्याकडे बघत राहिलो. आजच का पाठवली?

“अरे, सांदणं आहेत ती,” बायको म्हणाली, “नोटीस नाहीये.”

तिने चार खाल्ली. मी एकही नाही. आवडतात, तरी.

पुढच्या आठवड्यात मी वर्कशॉपला गेलो होतो. पत्रा वाकवायच्या मशीनचा आवाज, वर पंखे, आणि दाऊदभाई मला हाताला धरून केबिनमध्ये घेऊन गेले. दार लावलं. आलं, म्हटलं. काढणार आता कागद. आणि त्यांनी खरोखरच कागद काढला. प्लॅस्टिकमध्ये घातलेला, चार घड्यांवर फाटायला आलेला. मी मनातल्या मनात आमच्या वकिलाचा नंबर आठवत होतो, हे लिहिताना आज माझंच मला – जाऊ दे. कागद मराठीत होता. खाली अंगठा. ‘सड्यावरील बागेत माझा निम्मा वाटा होता, तो मी राजीखुशीने देत आहे. माझे मुलाने अगर वारसाने त्याबद्दल कधी बोलू नये.’ वर देणाऱ्याचं नाव हसन. घेणाऱ्याचं नाव माझ्या पणजोबांचं.

“गावाहून मागवून घेतला,” दाऊदभाई म्हणाले. “अब्बांच्या आईच्या पेटीत होता. तो यायचा होता म्हणून तर व्हिसा वाढवला. तुमच्या पुस्तकाला लागेल ना? अब्बा म्हणतात, चेहरा नाही तर नाही, नाव तरी छापा म्हणावं.”

मूळ फोटो त्या वेळी कुठे होता, सांगू? माझ्या लॅपटॉपच्या बॅगेत. त्याच खुर्चीला टेकून ठेवलेल्या. आणि त्याचा स्कॅन खिशातल्या फोनमध्ये. अब्बा तिथून दहा मिनिटांवर, दाऊदभाईंच्या फ्लॅटमध्ये बसलेले.

आता तर संशयही उरला नव्हता. मग काय आड आलं? वाळवी. फोटो काढून द्यायचा, तर वाळवीचं काय सांगायचं? ‘गडी’चं काय सांगायचं? समोरच्या माणसाला कळलं असतं, की सहा आठवडे मी त्याच्याबद्दल काय काय ठरवत होतो. मला माझी अब्रू नव्वद वर्षांच्या माणसाच्या बापापेक्षा महाग वाटली. एवढंच आहे ते. याहून मोठं कारण मी पुष्कळ शोधलं.

“पुढच्या आवृत्तीत घालू, इन्शाल्ला,” मी म्हणालो, आणि कागद बॅगेत ठेवला. फोटोच्या शेजारी.

अब्बा गुरुवारी गावी गेले. एअरपोर्टवर जाऊ शकलो असतो. साइटवर काम होतं, असं कळवलं. नव्हतं.

चार महिन्यांनी अब्बा गावीच वारले. मी मुसफ्फाला भेटायला गेलो. खोलीत दहा-बारा माणसं बसली होती. दाऊदभाईंनी मला स्वतःशेजारी बसवून घेतलं आणि सगळ्यांना सांगितलं, “हे भाऊ. आमच्या आजोबांचं नाव हे पुस्तकात छापतायत.” एक म्हातारे गृहस्थ उठले आणि त्यांनी माझा हात दोन्ही हातांत घेतला. मी तो घेऊ दिला.

पुढची आवृत्ती निघाली नाही. काढलीच नाही मी.

कागद आणि फोटो माझ्या कपाटात एकाच फाइलमध्ये आहेत. त्यांच्या घराण्यात त्या बागेचा तेवढाच पुरावा होता. त्या दिवशी मुसफ्फाहून निघताना मी म्हणालो होतो, कागद परत आणून देतो. दाऊदभाई म्हणाले, “राहू द्या भाऊ. तुमच्याकडे जपून राहील.”